गृह्याग्नी कोणाचा?

गेल्या वैशाखात माझ्या भाचीचे लग्न झाले. मुलीच्या बाजूने होमापुढे मी आणि माझी पत्नी बसलो होतो. होमाचे तूप आक्काने, म्हणजे मुलीच्या आईने, चार दिवस आधी घरी कढवले होते. लाजाहोमाच्या लाह्याही तिनेच फोडल्या होत्या. तुपाची वाटी आणि लाह्यांचे सूप आमच्या पुढ्यात होते. आक्का मात्र कार्यालयाच्या कोठीच्या खोलीत, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून, आचाऱ्याला साखर काढून देत होती. आक्का माझी थोरली बहीण. ती विधवा आहे.

गुरुजींची तक्रार करण्यासाठी मी हे लिहीत नाही. गुरुजी भले गृहस्थ होते. आदल्या दिवशी त्यांनी एवढेच विचारले की, 'मुलीकडून कोण बसणार?' आणि मग सवयीने पुढे म्हणाले, 'शास्त्रात जोडपे लागते.' त्यावर खोलीतल्या दहा-बारा माणसांनी माझ्याकडे पाहिले. आक्काही म्हणाली, 'तुम्ही दोघं बसा.' प्रश्न इतका सुरळीत सुटला, की तो प्रश्न होता हेच कोणाच्या ध्यानात आले नाही. माझ्याही आले नाही. आले ते दुसऱ्या दिवशी, होमाच्या धुराने डोळे चुरचुरू लागले तेव्हा. आणि तोवर मी पीतांबर नेसून पाटावर बसलो होतो. मी उठलो नाही. तेव्हा या लेखातला पहिला आरोपी मीच आहे, हे वाचकांनी आधीच नोंदवून ठेवावे. पण आरोपीलाही पुरावा तपासण्याचा हक्क असतो. 'शास्त्रात जोडपे लागते' हे शास्त्र कोणते, हे पाहावे म्हणून गेले काही महिने मी गृह्यसूत्रे आणि स्मृती, भाषांतराची काठी टेकत का होईना, वाचत होतो. त्यातून माझे जे मत बनले ते येथे भांडणाच्या सुरातच मांडणार आहे. सौम्यपणे मांडावयाचे तर ते मंडपातच मांडावयास हवे होते.

आधी आक्काविषयी चार ओळी. तिचे यजमान गेले तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि मुलगी तीन वर्षांची. शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या मागल्या सोप्यात तिने डबे करावयास सुरुवात केली. बाहेरगावाहून कोल्हापुरास शिकावयास आलेली मुले, नुकते बदलून आलेले कारकून, एकटे राहणारे म्हातारे, असे तिचे गिऱ्हाईक. भाजी-आमटीला रॉकेलचा स्टोव्ह, पुढे गॅस; भाकरीला परसातली चूल. पहाटे चारला विस्तव पेटे. सत्तावीस वर्षे तो रोज पेटला. त्यावर मुलीचे शिक्षण झाले, घराची कौले शाकारली गेली, आमच्या आईचे शेवटचे दुखणे निघाले, आणि त्याच विस्तवाच्या कमाईतून त्या दिवशीच्या मंडपाचे भाडेही दिले गेले. असे असता, ज्या घरातून मुलगी निघाली त्या घराच्या अग्नीपुढे बसण्याचा अधिकार, त्या घरात एक दिवसही चूल न पेटवलेल्या माझा ठरला. मी वेगळ्या चुलीचा आहे. वीस वर्षांपूर्वीच आमच्या चुली वेगळ्या झाल्या.

आता शास्त्र पाहू.

ऋग्वेदाचे पहिले सूक्त अग्नीचे आहे आणि त्या वेदात अग्नीला 'गृहपती' म्हटले आहे, हे आपणांस ऐकून माहीत असते. गृह्यसूत्रांची कल्पना अशी, की विवाहाच्या होमात जो अग्नी साक्षी ठेवला तोच वधूवरांनी घरी न्यावयाचा. वरातीत तो पुढे असावयाचा. घरी तो विझू द्यावयाचा नाही. सकाळ-संध्याकाळ त्यात आहुती द्यावयाची, आणि हे आयुष्यभर. हाच गृह्याग्नी, हेच औपासन. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तर स्पष्टच सांगितले आहे, की गृहस्थाने गृह्यकर्मे, पंचमहायज्ञ आणि रोजचा स्वयंपाकही या वैवाहिक अग्नीवर करावा. म्हणजे वेदीवरचा अग्नी आणि चुलीतला अग्नी हे मुळात दोन नव्हतेच. एकाच विस्तवावर आहुतीही पडे आणि भातही शिजे. पुढे ते वेगळे झाले. एकाला मंत्र मिळाले आणि दुसऱ्याला धूर मिळाला. मंत्र कोणाच्या वाट्याला आले आणि धूर कोणाच्या, हे सांगावयास मनू नको.

हा अग्नी सांभाळावयाचा कोणी? आश्वलायन म्हणतो : विवाहापासून गृहस्थाने स्वतः सांभाळावा, किंवा पत्नीने, पुत्राने, कुमारिकेने, शिष्याने. पत्नी आणि मुलगी यांची नावे यादीत आहेत. सोयीसाठी मागाहून कोणा सुधारकाने घातलेली नाहीत. सामवेद्यांचा गोभिल याच्याही पुढे जातो. सायंप्रातःहोम पत्नीने खुशाल करावेत असे तो म्हणतो, आणि कारणही देतो : पत्नी हेच गृह, आणि हा अग्नी तर गृह्य. पाणिनीने 'पत्नी' हा शब्द यज्ञाच्या संबंधातच साधला आहे. ज्या बाईचा यज्ञाशी संबंध नाही तिला भार्या म्हणा, आणखी काही म्हणा, व्याकरणाने पत्नी म्हणता येत नाही. तेव्हा 'बायकांना अग्नीचा अधिकार नाही' असे जो म्हणेल त्याने आधी पाणिनीशी भांडून यावे.

पण याच ग्रंथांत दुसरेही आहे, आणि ते लपवून मला वकिली करावयाची नाही. तोच आश्वलायन पुढे म्हणतो, की हा अग्नी विझला तर, काहींच्या मते, पत्नीने उपवास करावा. यादी पाच जणांची आणि उपवास एकीला! अग्नी विझला तो कोणाच्या हलगर्जीपणाने याची चौकशी नाही. मुलगा विटीदांडू खेळत राहिला असेल, शिष्य झोपला असेल, यजमान गावाला गेले असतील. जेवणार नाही ती बाई. याहून स्पष्ट कबुली कोणती हवी? अग्नी कोणाच्या हातांनी जिवंत राहत होता हे सूत्रकाराला पक्के ठाऊक होते. नाही तर त्याने शिक्षेसाठी नेमका तोच पत्ता काढला नसता.

आणि मनू? तो दुसऱ्या अध्यायात म्हणतो, की स्त्रियांचा विवाह हाच त्यांचा वैदिक संस्कार, पतिसेवा हाच गुरुगृहवास आणि घरकाम हीच अग्निसेवा. पाचव्यात म्हणतो, की पत्नी आधी वारली तर तिला अग्निहोत्राच्या अग्नीने दहन करावे आणि मग पतीने पुन्हा विवाह करून पुन्हा अग्नी स्थापावा. अकराव्यात म्हणतो, की कन्येने वा तरुण स्त्रीने अग्निहोत्राची होत्री होऊ नये. ही तीन वचने शेजारी शेजारी ठेवून वाचा. घरकाम ही अग्निसेवा, म्हणजे राबणूक तिची. आहुतीचा अधिकार मात्र तिचा नाही. आणि ती मेली तर अग्नी विझत नाही, दुसरी बायको आणून तो पुन्हा पेटवता येतो. नवरा मेला तर? तर त्याचा अग्नी त्याच्याबरोबर चितेवर जातो, आणि मागे राहिलेल्या बाईला पुन्हा अग्नी पेटवण्याची सोय कोणी लिहून ठेवलेली नाही. विधुराला अग्नी परत मिळतो, विधवेला नाही. आपल्याकडे विधवेच्या दुसऱ्या लग्नाला लग्न म्हणत नसत. पाट म्हणत, मोहतूर म्हणत. तो बहुधा रात्री, चोरून केल्यासारखा लागे आणि त्याला होम नसे. बिजवराचे लग्न मात्र दिवसाढवळ्या, वाजंत्री लावून, अग्नीच्या साक्षीने.

'शास्त्रात जोडपे लागते' या साध्या वाक्याच्या पोटात एवढे सगळे आहे. जोडपे लागते, कारण पत्नीवाचून अग्नी नाही. हा मुळात पत्नीचा मान होता. त्या मानाचे आपण कुंपण केले आणि तिलाच बाहेर ठेवले.

येथे कोणी म्हणेल, शास्त्र जसे आहे तसे पाळले पाहिजे. फार चांगले. मग सगळेच पाळू या. भाचीच्या लग्नातला तो अग्नी संध्याकाळी कोठे होता? सहा वाजता कार्यालय रिकामे करून द्यावयाचे होते. पत्र्याचे होमकुंड एका पोऱ्याने पाणी ओतून विझवले आणि राख मागच्या नाल्यात टाकली. वरातीत अग्नी नव्हता. मोटारीत जागाही नव्हती. मुलीच्या सासरी रोज सकाळ-संध्याकाळ आहुती पडत नाही, आणि ती पडावी अशी कोणाची अपेक्षाही नाही. गृह्याग्नीचे आयुष्यभराचे जे कष्ट तेवढे आपण कधीच सोडून दिले. दोन वेळची आहुती सोडली, समिधा सोडल्या, वैश्वदेव सोडला. राहिले काय? विधवेने जवळ यावयाचे नाही, एवढेच. ज्याला रोज करावे लागते ते सगळे सोडले आणि ज्याला काहीच करावे लागत नाही तेवढे शास्त्र म्हणून जपले. याला धर्मनिष्ठा म्हणत असतील तर आळस कशाला म्हणावयाचे?

आणि तरीही घरोघरचा अग्नी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहिला. तो राहिला चुलीत. माझ्या लहानपणी आमच्या आजीची चूल रात्री विझत नसे. निखारे ती राखेखाली झाकून ठेवी आणि पहाटे राख सारून, चार काटक्या घालून, फुंकणीने फुंकी. काड्यापेटीचे पैसे वाचत. एखाद्या घरचा विस्तव विझलाच तर त्या घरची पोर फुटक्या खापरीत, नाही तर शेणीच्या तुकड्यावर, शेजारणीकडून 'इस्तू' घेऊन जाई. दोन घरांत वैर आले की हा व्यवहार थांबे; 'त्यांच्यात विस्तव जात नाही' ही म्हण आपल्याला त्यातूनच मिळाली. भाऊ वेगळे झाले की आपण 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणतो. घरातल्या झाडून सगळ्यांना जेवावयास बोलवावयाचे तर आमच्याकडे 'चूलबंद आवतण' देतात. घरात माणूस गेले की त्या दिवशी चूल पेटत नाही आणि शेजारचे लोक पिठले-भाकरी आणून देतात. कुटुंब म्हणजे काय, कुटुंब जोडणे, तुटणे, दुखणे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मराठी माणसाच्या जिभेवर 'औपासन' हा शब्द कधी आला नाही. चूल हाच शब्द आला. भाषेला फसवता येत नाही. घराचा खरा अग्नी कोणता हे तिने केव्हाच ठरवून टाकले आहे.

हे लिहिताना मला चुलीचे गोडवे गावयाचे नाहीत. हमरस्त्यावरच्या धाब्यांवर हल्ली 'चुलीवरचे मटण' अशा पाट्या असतात, आणि गाडीतून उतरलेले लोक त्या चवीवर माना डोलावतात. माझी आजी म्हातारपणी खोकून खोकून गेली. तिचे डोळे बारा महिने लाल असत. चुलीच्या धुराने छाती आणि डोळे दोन्ही खराब होतात, हे आज डॉक्टर सांगतात. ते आजीच्या पिढीतल्या कोणत्याही बाईला सांगता आले असते. घरात गॅस आला त्या दिवशी आमच्या आईने शेगडीला हळदकुंकू वाहिले, आणि चूल गेली म्हणून ती एक क्षणभरही हळहळली नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हा खेड्यांतल्या बायकांनी सिलिंडरसाठी रांगा लावल्या. हळहळण्याचे काम पुरुषांकडेच होते. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच, की अग्नी चुलीतला असो की शेगडीतला, तो राखणारी जी, तिला अग्नीपुढे अधिकार सांगण्याची पाळी येऊ नये.

हे केवळ आपल्याकडेच झाले असेही नाही. प्राचीन रोममध्ये नगराचा अग्नी वेस्टा देवीच्या देवळात सहा कुमारिका राखीत. त्यांचा मान मोठा होता. पण अग्नी विझला तर मुख्य पुरोहित त्या कुमारिकेला फटके मारी. ते देऊळ चौथ्या शतकाच्या अखेरीस बंद पडले. आमच्या सूत्रकाराने फटक्यांऐवजी उपवास सांगितला, एवढाच काय तो सौम्यपणा. राखण बाईने करावयाची आणि जाब पुरुषाने विचारावयाचा, ही वाटणी तिकडेही तीच.

आता आमच्या कोल्हापूरचे सांगतो, कारण या बाबतीत कोल्हापूरकराला तोंड लपवावयास जागा नाही. १८९९च्या कार्तिकात पंचगंगेच्या घाटावर शाहूमहाराजांच्या ध्यानात आले, की भटजी आपल्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणत नाही, पुराणोक्त म्हणतो. छत्रपतींनाही वेदाचा अधिकार नाही, असे त्याचे म्हणणे. त्यातून जे वेदोक्त प्रकरण पेटले ते पुढे कित्येक वर्षे धुमसत होते. १९०२ साली राजोपाध्यांची वतने जप्त झाली; भांडण इंग्रज सरकारपर्यंत गेले; १९२० साली महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचे पीठच स्थापन केले. आमचे आजोबा त्या काळात वाढले. मराठ्याच्या घरी वेदमंत्रांनी होम होतो, हे ते आम्हां पोरांना छाती काढून सांगत. 'हा अधिकार भांडून घेतलाय' हे त्यांचे वाक्य मला अजून ऐकू येते. मी लग्नात बसलो तेव्हा गुरुजी वेदोक्तच म्हणत होते. म्हणजे एकाने आम्हांला 'तुम्हांला अधिकार नाही' म्हटले म्हणून आमच्या वाडवडिलांनी वीस वर्षे भांडण काढले, आणि तो अधिकार हाती आल्यावर आम्ही पहिले काम काय केले, तर घरच्या बाईला 'तुला अधिकार नाही' असे, तेही न बोलता, सांगितले. ज्या महाराजांच्या नावाने आम्ही चौकाचौकांत कमानी उभारतो त्यांनी १९१७ साली आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला होता. वेदोक्ताची आठवण आम्ही ठेवली. या कायद्याची ठेवली नाही.

यावर आमचे सुधारक मित्र म्हणतात, 'तुझे सगळे खरे. पण त्या होमाच्या भानगडीत पडतोसच कशाला? रजिस्टर लग्न कर, हार घाल, मोकळा हो.' या मार्गाविषयी मला आदर आहे. १८७३ साली सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून लग्ने लावून दाखवली आणि कोल्हापुरात तर ती परंपरा चांगली रुजली. ज्यांना अग्नी नको त्यांनी तो जरूर सोडावा. परंतु तो सोडून देणाऱ्यांपेक्षा न सोडणारे लोक पुष्कळ अधिक आहेत, आणि सोडणाऱ्यांच्या घरीही हळद लावावयास, औक्षण करावयास सुवासिनीच हव्या असतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. अग्नी गेला तरी कुंपण राहते.

शिवाय हा अग्नी केवळ भटजींच्या पोथीत नाही, तो कायद्यातही आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम म्हणते, की विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी लागावा. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण झाला. हे ऐकावयास निरुपद्रवी वाटते. पण १९६५ साली आपल्या महाराष्ट्रातलाच एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. पहिली बायको हयात असताना एका गृहस्थाने दुसरे लग्न केले होते आणि त्याला खालच्या कोर्टांनी दोषी ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने पाहिले, की दुसऱ्या लग्नात अग्नीसमोर होमही झाला नाही आणि सप्तपदीही नाही. ती सोडून दिली तरी चालते अशी रूढीही सिद्ध झाली नाही. तेव्हा कायद्याने ते लग्नच नव्हे. आणि लग्नच नव्हे, तर दुसरे लग्न केल्याचा गुन्हाही नव्हे. गृहस्थ सुटला. पहिलीच्या पदरी अपमान, दुसरीला ना नवऱ्याचा आधार ना कायद्याचा. अग्नी पेटवला नाही एवढ्यावर पुरुष निर्दोष ठरला! १९६७ साली तिकडे मद्रास राज्याने कायदा बदलून अग्नीवाचून, पुरोहितावाचून केलेली स्वाभिमान-लग्ने वैध ठरवली. आपण तसे काही केले नाही. एप्रिल २०२४मध्येही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विधी न करता नुसता नोंदणीचा दाखला आणला तर हिंदू विवाह कायद्याखाली तो विवाह होत नाही. यात चूक-बरोबर काय ते वकिलांनी ठरवावे. मी एवढेच म्हणतो, की जो अग्नी आजही बाईचे बायकोपण ठरवतो, त्याच्याजवळ कोणी बसावयाचे हा प्रश्न जुनापुराणा म्हणून झटकून टाकता येणार नाही.

आणखी एक अग्नी उरतो, शेवटचा. पंचगंगेच्या स्मशानात आमची महापालिका मोफत अंत्यसंस्कार करते. चितेला शेणी लागतात, आणि होळीच्या सुमारास 'होळी लहान करा, शेणी दान करा' म्हणून पेठापेठांतून शेणी गोळा होतात. कोल्हापूरच्या ज्या गोष्टींचा मला मनापासून अभिमान आहे त्यांत ही एक आहे. पण त्या शेणी थापतो कोण? पहाटे उठून, शेणात कोपरापर्यंत हात घालून, भिंतीवर बोटे उमटवीत बायकाच थापतात. शेणी तिची, अग्नी द्यावयाचा मुलाने, मुलगा नसेल तर पुतण्याने, पुतण्या नसेल तर गावातल्या कोणा भाऊबंदाने. बोहल्यापासून घाटापर्यंत जळण पुरवावयाचे काम तिचे आणि काडी लावण्याचा मान दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे.

ती बदलता येते का? येते, आणि बदलणारे लोक फार दूरचे नाहीत. आमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, हेरवाड नावाचे गाव आहे. ४ मे २०२२ रोजी त्या गावच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे बंद. विधवेला धार्मिक व सामाजिक कार्यांतून बाजूला ठेवणेही बंद. शाहूमहाराजांच्या स्मृतिशताब्दीला त्या वेळी दोन दिवस उरले होते. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनी हाच कित्ता गिरवावा असे सुचवले. शहराने खेड्याला शहाणपण शिकवावयाचे असते, असे आम्ही शहरवाले समजतो. हेरवाडचा ठराव मी वर्तमानपत्रात वाचला होता, चार मित्रांना वाचून दाखवला होता, 'कोल्हापूरची माती' वगैरे उद्गारही काढले होते. आणि त्यानंतर माझ्याच बहिणीच्या मुलीच्या लग्नात मी तिच्या जागी बसलो. ठराव ग्रामसभेत होतात. त्यांची परीक्षा मंडपात होते, आणि त्या परीक्षेत मी नापास झालो.

लग्नानंतर आठ दिवसांनी मी आक्काकडे गेलो. ती मागल्या सोप्यात शेंगा फोडीत बसली होती. डबे आता तिने बंद केले आहेत. मी वाचलेले सगळे तिला सांगितले : आश्वलायन, गोभिल, पाणिनी. तिने ऐकून घेतले. अग्नी विझला तर बायकोने उपाशी राहावे, हे ऐकून ती हसली. म्हणाली, 'ते खरं लिवलंय. स्टोव्ह बिघडला की मीच उपाशी राहायची.' मग मी विचारले, तुला वाईट वाटले का? तिने दोन-चार शेंगा फोडल्या आणि म्हणाली, 'बसून मला काय मिळणार होतं रे? पण एकदा इचारायचं तरी हुतंस.'

मी काही बोललो नाही. बोलावयास काही नव्हते. अधिकार कोणाचा, शास्त्र काय म्हणते, कायदा काय म्हणतो, या सगळ्या वादात ही एक साधी गोष्ट मला सुचली नव्हती. तिच्या घरचे लग्न होते, आणि तिला कोणी विचारले नव्हते.

पुढल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीचे लग्न आहे. होमापुढे आम्ही दोघे बसूच. पण मांडवातले पहिले देवदेवक बसवावयास, आणि लाजाहोमाच्या वेळी मुलीच्या पाठीशी उभे राहावयास, आक्काने यावे असे मी तिला विचारले आहे. गुरुजींनाही सांगितले आहे. ते जरा थांबले आणि 'बघू' म्हणाले. ज्यांच्या घरी यंदा तुळशीच्या लग्नानंतर कार्य निघणार असेल त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की पत्रिका छापावयास टाकण्यापूर्वी घरातल्या अशा बाईला बोलवा आणि विचारा, 'तू बसतेस का?' ती नको म्हणेल कदाचित. तो तिचा अधिकार आहे. विचारावयाचे काम आपले आहे, आणि 'बघू' म्हणणाऱ्या गुरुजींशी भांडावयाचेही. आक्काने भाचीच्या लग्नातले उरलेले तूप बरणीत भरून फडताळात ठेवले आहे. 'तुझ्या पोरीच्या होमाला नवं कढवीन, ह्ये शिऱ्याला वापरू,' असे तिने मला परवाच सांगितले.